प्रकाशाचा पीळ

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण शाळेत शिकलो. पण जाता जाता तो एखाद्या वस्तूला पीळही देऊ शकेल का? बर्मिंगहॅमच्या जॉन पॉइंटिंग यांनी १९०९ मध्ये फिरत्या दांड्याचा दाखला देऊन ‘हो’ म्हटले. मात्र हा पीळ इतका सूक्ष्म, की तो मोजता येईल अशी आशा त्यांनाही फारशी नव्हती.

१९३६ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला रिचर्ड बेथ यांनी निर्वातात बारीक तंतूला क्वार्ट्झची चकती टांगली, तिच्यातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला आणि तो पीळ मोजला.

पुढे १९९२ मध्ये हॉलंडमधल्या लायडेनला लेस अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी दुसराच पीळ दाखवून दिला. लेसरचा तरंग मळसूत्रासारखा असला, तर त्या आकारामुळेही झोताला पीळ असतो. अशा झोताच्या मधोमध काळोख असतो आणि भोवती उजेडाचे कडे.

तो तयार करण्याची युक्ती कीव्हच्या संशोधकांनी १९९० मध्येच दाखवली होती. समांतर रेघांच्या जाळीत मधल्या रेघेला फाटा फोडायचा आणि लेसर त्यावर सोडायचा. झोताचा मध्य नेमका फाट्यावर हवा. जरा सरकला, की कडे एका बाजूला उजळ, दुसरीकडे फिके. १९९५ मध्ये ब्रिस्बेनला अशा झोतात अडकलेले सूक्ष्म कण गरगर फिरताना दिसले.

पॉइंटिंग १९१४ मध्येच निवर्तले होते. यातले काहीच त्यांनी पाहिले नाही. पण मोजता येणार नाही असे वाटत असूनही त्यांनी आपला हिशेब लिहून ठेवला, म्हणून काय मोजायचे ते पुढच्यांना कळले.