दंतरोपणाचा पृष्ठभाग आणि कृष्णाकाठची हळद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या कृष्णाकाठी हळद हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. सांगलीची हळदपेठ आणि हरिपूरची पेवे सर्वश्रुत आहेत. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतील करक्युमिन टायटॅनियमच्या रोपणावर बसविण्याचे प्रयोग अलीकडे झाले असून, त्यामागील इतिहास व या परिसराच्या दृष्टीने त्याचा अर्थ प्रस्तुत लेखात मांडला आहे.

पृष्ठभाग-प्रक्रियेचा विकास :

१९५२ च्या सुमारास स्वीडनमधील संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात रोपण केले. प्रारंभी यंत्रावर कातलेला पृष्ठभाग तसाच वापरला जाई. पुढे सूक्ष्म कणांचा मारा व आम्लप्रक्रिया यांनी तो खडबडीत करण्यात आला व हाडाची पकड सुधारली. तथापि रोपणाभोवती जिवाणूंचा थर साचून हाड झिजण्याचा प्रश्न कायम राहिला. यातून औषध रोपणावरच ठेवण्याची कल्पना पुढे आली. गुळगुळीत धातूवर औषध टिकत नाही. म्हणून विद्युत्-रासायनिक प्रक्रियेने टायटॅनियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नलिका घडविणे किंवा हाडातील खनिजाशी साम्य असलेल्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा लेप देणे, हे मार्ग अवलंबिण्यात आले.

करक्युमिनचा प्रवेश :

करक्युमिन १८१५ मध्ये हळदीतून वेगळे करण्यात आले, तर १९४९ मध्ये त्याच्या जिवाणूरोधक गुणाची नोंद प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील सुष्मिता बोस व सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा लेप दिलेल्या टायटॅनियमवर करक्युमिन व के-२ जीवनसत्त्व बसवून प्राण्यांवर प्रयोग केले. हे संशोधन मुख्यतः अस्थिरोपणाचे असले तरी तत्त्व दंतरोपणासही लागू पडते. मात्र करक्युमिन पाण्यात अत्यल्प विरघळते व शरीरात लवकर विघटित होते. त्यामुळे ते संथपणे व ठरावीक मात्रेत सुटणे हीच खरी कसोटी होय. प्राण्यांवरील यशावरून रुग्णांविषयी निष्कर्ष काढणे उचित नाही.

निष्कर्ष :

जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या आक्षेपानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. तेथे जुने लिखित पुरावे निर्णायक ठरले. परंतु धातूवर करक्युमिन बसविण्याची नवी पद्धत ही परंपरा नव्हे; तिच्यावरील हक्क संशोधनातूनच सिद्ध होतो. कराड व सांगली येथे दंत महाविद्यालये आहेत आणि हळद तर दारातच आहे. दंतवैद्यक, रसायनशास्त्र व कृषिविज्ञान यांनी एकत्र काम केले नाही, तर हा परिसर केवळ कच्चा माल पुरविणारा राहील.