केशवपन : संमतीचा प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात बंद करावेत, असा त्याचा आशय होता. ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते. ठरावाची बातमी सर्वत्र पसरली आणि पंधरवड्याच्या आतच, 17 मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. या ठरावाचे स्वागत व्हायला हवे होते व ते झालेही. इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र त्या यादीत नसलेल्या एका गोष्टीकडे जाते. त्या यादीत केस नाहीत.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अशी यादी एखाद्या सुधारकाने केली असती, तर तिच्यात पहिले कलम केशवपनाचे असते. 'विधवा' हा शब्द उच्चारताच एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बोडके डोके आणि तांबडे आलवण उभे राही. हेरवाडच्या यादीत ते नसण्याची कारणे दोन. एक तर ही चाल तोपर्यंत व्यवहारातून गेलेली होती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : ही चाल मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींची होती. शिरोळच्या मळ्यांत राबणाऱ्या कुणबी-मराठा, जैन, धनगर घरांत वैधव्याची खूण बांगडी व कुंकू यांच्यावरच थांबत असे. ज्या करवीर राज्याची स्थापना ताराबाईंच्या नावाशी जोडलेली आहे, त्या ताराबाई 1700 साली विधवा झाल्या आणि त्यानंतर सात वर्षे त्यांनी मोगलांशी झुंज दिली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. राजघराण्यातील विधवेपुढे चिता किंवा राज्य असे टोकाचे पर्याय असू शकत. न्हाव्याचा वस्तरा त्यांत नव्हता. तेव्हा 'मराठी विधवेचे केशवपन' असे सरसकट म्हणण्याची आपली सवय सोडून द्यावी हे बरे. मराठी साहित्याच्या इतिहासात या विषयाला एवढी जागा मिळाली, त्याचे एक कारण लिहिणारे बहुतेक जण त्याच घरांतले होते, हेही आहे.

या चालीला शास्त्राधार किती? भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न सविस्तर तपासला आहे. वेदांत आणि प्रमुख स्मृतींत विधवेने नित्य मुंडन करावे अशी आज्ञा नाही. चाल नंतरच्या काळात हळूहळू रुजली, असा त्यांचा निष्कर्ष. स्कंदपुराणाच्या काशीखंडातील ज्या श्लोकाचा आधार सनातनी पंडित घेत, त्याचा आशय असा की विधवेने वेणी बांधली तर परलोकातील पतीला बंधन पडते. हा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. बाईच्या डोक्यावरचे केस हे तिचे नसून नवऱ्याचा दोर आहेत, आणि नवरा जिवंत नसला तरी त्या दोराचे दुसरे टोक त्याच्याकडेच आहे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. काणे केवळ ग्रंथात थांबले नाहीत; केस राखलेल्या ब्राह्मण विधवेला पंढरपूरच्या विठ्ठलाची पूजा करता यावी म्हणून त्यांनी वकील या नात्याने बाजू मांडली होती.

हा पंढरपूरचा तपशील महत्त्वाचा अशासाठी, की 'सकेशा' विधवेला शिक्षा होई ती याच वाटेने. कोणी तिला तुरुंगात टाकत नसे. तिच्या हातचे पाणी सोवळ्यात चालत नसे, श्राद्धाचा स्वयंपाक तिने करायचा नसे, देवघरात तिला मज्जाव असे, मठात तीर्थ मिळत नसे. ज्या बाईचे सारे आयुष्य स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्ये गेले आहे, तिला या दोन्ही ठिकाणांहून उठवणे म्हणजे घरातल्या घरात हद्दपारी होती. उलट वपन केलेली बाई 'सोवळी' होई. तिच्या हातचे चाले, तिच्या शब्दाला वजन येई, पापड-लोणच्यापासून मुंजीच्या तयारीपर्यंत तिच्यावाचून घराचे अडे. अनेक स्त्रियांनी केशवपन 'आपखुशीने' केले असे जुन्या घरांतून सांगितले जाते, ते पुष्कळदा खोटे नसते. मात्र त्या खुशीची किंमत आधीच ठरवून ठेवलेली असे.

पुरुषांच्या क्षौराशी तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. बाप वारला म्हणजे मुलगा डोके व मिशा उतरवतो. महिन्या-दोन महिन्यांत केस पूर्ववत येतात आणि सुतक संपल्याची जणू तीच पावती असते. विधवेचे वपन एकदा करून संपत नसे. दर काही दिवसांनी न्हावी माजघराच्या मागच्या पडवीत येई, आणि ज्या स्त्रीला परपुरुषाच्या सावलीपासून जपायचे, तिचे मस्तक त्याच्या हाती दिले जाई. या विसंगतीवर त्या काळच्या सुधारकांनी कोरडे ओढले, ते योग्यच होते.

निर्णय लांबवता येतो काय, याचे एक विलक्षण उदाहरण पेशवाईत सापडते. पानिपतावर 1761 साली सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या रणभूमीजवळच होत्या. त्या पुण्यास परत आल्या, पण पती गेला हे त्यांनी मानले नाही. 1783 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्या सौभाग्यलेणी लेऊन राहिल्या. मधल्या काळात भाऊंचा तोतया निघाला, त्याने कोकणात धुमाकूळ घातला आणि 1776 साली त्याला देहान्त शिक्षा झाली. पेशव्यांच्या घरात, शास्त्र्यांच्या गर्दीत, एका बाईचे केस बावीस वर्षे कोणी उतरवले नाहीत. याचे स्पष्टीकरण भाऊंविषयीचा आदर, त्यांच्या मृत्यूबद्दलची अनिश्चिती आणि पार्वतीबाईंचा स्वतःचा निश्चय अशा तिन्ही अंगांनी देता येईल. मला त्यांतला निश्चय सर्वांत कमी अभ्यासला गेलेला वाटतो. इतिहासकारांनी तिला भाबडी ठरवले आणि कादंबरीकारांनी तिचे दुःख रंगवले. 'मी विधवा आहे की नाही हे मी ठरवीन' असा तिच्या वागण्याचा अर्थ होतो, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रश्न सार्वजनिक झाला तो आधी पुनर्विवाहाच्या रूपाने. 1856 चा कायदा झाला होता. 1869 साली मुंबईत पुनर्विवाह लागला. 1870 मध्ये पुण्यात करवीरच्या शंकराचार्यांसमोर मोठा वाद होऊन सुधारक पक्ष हरला व त्याच्यावर बहिष्कार पडला. करवीरचे नाव या इतिहासात प्रथम येते ते असे, निषेधाच्या बाजूने. पण पुनर्विवाहाच्या या कोलाहलात एक गोष्ट मागे पडली. बहुसंख्य विधवा पुनर्विवाह करणार नव्हत्या, हे सुधारकही जाणून होते. त्यांच्या डोक्यावरच्या केसांचे काय? आगरकरांच्या 'सुधारका'ने हा प्रश्न लावून धरला. टिळकांना आपण या बाबतीत सरसकट सनातनी पक्षात ढकलतो, तेही पूर्ण खरे नाही : 1890 साली सुधारणांची जी कलमे त्यांनी पुढे ठेवली व स्वेच्छेने सही करून पाळावीत असे सुचवले, त्यांत विधवांचे वपन करू नये असेही कलम होते. त्यांचा विरोध सरकारी कायद्याला होता. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजाची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा विचार तेथे मांडला गेला. सत्यशोधक चळवळीचे हे कृत्य मला त्या सबंध वादातील सर्वांत नेमके वाटते. पंडितांनी श्लोक शोधले, पत्रकारांनी अग्रलेख लिहिले. ज्याच्या हातात वस्तरा होता, त्याला मात्र तोवर कोणी विचारले नव्हते.

आणि त्याच वर्षी 'करमणूक' सुरू होऊन हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' वाचकांपुढे येऊ लागली. यमूची कहाणी साहित्याच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. सासरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या इच्छेविरुद्ध घडवून आणलेले वपन हा त्या कादंबरीचा मर्मघात आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात केशवपनाचे जे चित्र आज आहे ते बहुतांशी तेथूनच आलेले आहे. वर्गात ही कादंबरी शिकवताना एक अडचण मात्र येते. यमू नको म्हणते आणि तिच्यावर बळजोरी होते. त्यामुळे अन्याय कोठे आहे हे वाचकाला शोधावे लागत नाही. पण जी स्त्री हो म्हणाली, तिचे काय करायचे? तिच्यासाठी कादंबरी अपुरी पडते, आत्मचरित्राकडे जावे लागते.

पार्वतीबाई आठवले यांचे 'माझी कहाणी' हे 1928 चे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचावे. पार्वतीबाई देवरुखच्या जोशांच्या घरातल्या, 1870 चा जन्म. त्यांची बहीण गोदूबाई विधवा झाल्यावर शारदा सदनात शिकली आणि 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाहबद्ध झाली. म्हणजे एका घरातल्या दोन विधवा बहिणी. एकीने पुनर्विवाह केला. दुसरीने केला नाही, वपन स्वीकारले, मुलाला वाढवले, वय वाढल्यावर शिक्षण घेतले आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. आश्रमाविषयी लोकांच्या मनात भय होते ते हे की तेथे विधवांची लग्ने लावतात. अशा वेळी बोडक्या डोक्याची, आलवण नेसलेली बाई दारात उभी राहिली म्हणजे सनातनी घराचे दार उघडे, हा व्यवहार उघड आहे. ज्या खुणेने समाजाने तिला बाजूला काढले, तीच खूण तिचा परवाना झाली.

पुढे पार्वतीबाईंनी वपन थांबवले आणि केस वाढू दिले. हा निर्णय तरुणपणी, दुःखाच्या भरात घेतलेला नव्हता. मध्यमवयात, काम उभे राहिल्यावर, विचार करून घेतला होता, आणि त्यामुळेच तो निंदेला अधिक पात्र ठरला. तरुण मुलीने केस राखले तर 'पोर आहे' म्हणून कानाडोळा होई. वर्षानुवर्षे सोवळी म्हणून मान घेतलेल्या बाईने ते केले म्हणजे दिलेला मान परत घ्यावा लागतो, आणि समाजाला ते जड जाते. यानंतर 1918 मध्ये त्या इंग्रजीचे जेमतेम ज्ञान घेऊन अमेरिकेस गेल्या, घरकामे करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसा घेऊन परत आल्या. त्यांच्या चरित्रात अमेरिकेचे कौतुक जास्त होते. मला केस वाढू देण्याचा निर्णय त्या प्रवासापेक्षा लांबचा वाटतो.

कोल्हापुरात याच सुमारास निराळी हालचाल चालू होती. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीतील अपघातात वारले आणि अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या सून इंदुमतीदेवी विधवा झाल्या. महाराजांनी तिला वाड्याच्या पडद्यात कोंडले नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. आप्तांचा विरोध सोसून केलेले हे काम मोठेच. तरीही येथेही ठरवणारे सासरेच होते, हे नोंदवले पाहिजे. चांगला सासरा आणि वाईट सासरा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. प्रश्न कोणाला विचारला जातो, एवढ्यापुरते ते दोघे एकाच बाजूला उभे असतात.

1920 साली संस्थानात जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला, आणि त्यामुळे केसांचा विषय कोल्हापुरात अगदी उलट्या बाजूने समोर येतो. केसांत गुंता होऊन जट धरली म्हणजे यल्लम्माचे बोलावणे आले असे मानायचे. त्या जटेला कात्री लावायची नाही, तेल-फणी करायची नाही, हळद-कुंकू वाहायचे. गडहिंग्लज, निपाणी, कोल्हापूर या टापूत देवदासी निर्मूलनाच्या चळवळी उभ्या राहिल्या, त्यांना या जटेशी झगडावे लागले. ब्राह्मण विधवेचे केस राहू द्यायचे नाहीत, जोगतिणीचे काढू द्यायचे नाहीत. एकीच्या केसांवर मेलेल्या नवऱ्याचा हक्क, दुसरीच्या केसांवर देवीचा. जातीच्या उतरंडीची ही दोन टोके साहित्याच्या अभ्यासक्रमात एकत्र कधी येत नाहीत, कारण एकीवर कादंबऱ्या आहेत आणि दुसरीवर बहुधा अहवाल.

जट काढण्याचे काम करणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते प्रत्यक्ष कात्री हातात घेण्याआधी त्या बाईशी आणि तिच्या घरच्यांशी बोलतात. घरात कोणी आजारी पडले, म्हैस आटली, तर दोष जट काढल्याचा येईल, ही भीती खरी असते आणि ती बाईची एकटीची नसते. म्हणून पुन्हा पुन्हा जावे लागते. कधी बाई तयार होते व सासू अडते. कधी घरचे तयार होतात आणि बाईच नको म्हणते. तिने स्वतः होकार दिल्यावर मग कात्री चालते. ते काम थोड्या वेळाचे असते, आणि ते झाल्यावर बहुतेक बायका प्रथम मान वळवून पाहतात, कारण इतक्या वर्षांनी ती हलकी झालेली असते.