बालशाळा जन्मली ती एका इमारतीत!

लहान मुलांना स्वावलंबन शिकवणाऱ्या एका जगप्रसिद्ध प्रयोगाची सुरुवात आपल्यासारख्याच एका वसाहतीत झाली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका कंपनीने जुन्या इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईवडील कामावर गेले, की मागे राहिलेली पोरं जिने-भिंती खराब करायची. त्यावर कंपनीने वॉचमन नेमला नाही, डॉ. मारिया माँटेसरींना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे 'बालघर' उघडलं. मुलं स्वतः हात धुऊ लागली, बटणं लावू लागली, जेवणाची ताटं मांडू लागली.

हा विचार गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरच्या बालमंदिरात आणला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तो बोर्डीच्या गोरगरीब मुलांपर्यंत नेला. अनुताई वाघ सोबत होत्या. मूल शाळेत येईना, तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी.

आपल्याकडे मात्र नातवाचं दप्तर आजोबा उचलतात, बुटाची लेस आई बांधते. वेळ वाचतो खरा, पण मूल परावलंबी होतं. रौप्यमहोत्सवी वर्षात एवढंच ठरवूया: लेस त्यालाच बांधू द्या, लिफ्ट दोन मिनिटं थांबेल.