पुण्याला न पोचलेला हुकूम

मोरो रघुनाथ हे नाव इतिहासात उरले ते एका अर्जामुळे. चौदा वर्षांचा हा मुलगा पुण्यात पांडुरंग रामचंद्र या चुलत आजोबांच्या ताब्यात होता. त्याला बेकायदा अडकवून ठेवले आहे, अशी शपथेवरची तक्रार १८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाखल झाली आणि कोर्टाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला.

हा हुकूम अडकलेल्याच्या नावे निघत नाही. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याच्या नावे निघतो. त्याने माणसाला कोर्टासमोर उभे करायचे आणि कोणत्या अधिकाराने ठेवले ते लेखी सांगायचे. उत्तर कायद्यात बसले नाही तर सुटका, आणि हुकूम मोडला तर कोर्टाचा अवमान. ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश या कैद्यासाठी असाच हुकूम तिथल्या जेलरवर निघाला होता.

अडचण उभी राहिली ती हद्दीची. हे कोर्ट राजाच्या सनदेने १८२४ साली सुरू झालेले. पुणे आणि ठाणे इथल्या अदालती मात्र कंपनी सरकारच्या. इंग्लंडच्या किंग्ज बेंचचे अधिकार सनदेने आपल्याला दिले आहेत, तेव्हा आपला हुकूम साऱ्या इलाख्यात चालतो, ही न्यायाधीशांची भूमिका. पेशवाई जाऊन दहाच वर्षे झालेल्या मुलखात सरकारचे वजन कमी होईल, ही गव्हर्नर सर जॉन माल्कम यांची धास्ती.

३ ऑक्टोबर १८२८ रोजी गव्हर्नर आणि त्यांच्या कौन्सिलने न्यायाधीशांना पत्र लिहिले. मोरो रघुनाथ प्रकरणी पुढची कारवाई होऊ देणार नाही, आणि मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीयांवर किंवा कंपनीच्या अदालतींच्या अंमलदारांवर निघालेल्या अशा हुकमांना उत्तर दिले जाणार नाही, असा त्याचा आशय. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट त्याआधी ऑगस्टमध्येच वारले होते. पत्रानंतर काही दिवसांतच सर चार्ल्स चेंबर्सही गेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. त्यांनी राजाकडे दाद मागितली आणि सरकार हुकूम बजावू देत नाही म्हणून एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केले. याच सुमारास कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनमधल्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांचे माल्कमना गेलेले खासगी पत्र पुढे फुटले. न्यायाधीशांच्या नव्या नेमणुकांमुळे ग्रँट दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानहत्तीसारखे होतील, असे त्यात होते.

ग्रँट यांच्या अर्जावर प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, १८२९ सालीच निकाल दिला. कोर्टाच्या स्थानिक हद्दीत राहणारा, किंवा बाहेर असूनही व्यक्तिशः त्याच्या अधिकाराखाली येणारा, एवढ्यांवरच हा हुकूम चालेल. कंपनीच्या अदालतीच्या जेलरवर चालणार नाही. मुलाला डांबले होते की नव्हते, हा मूळ प्रश्न या निकालाच्या कक्षेतच नव्हता. माल्कम यांचे म्हणणे हद्दीपुरते कायद्यात बसले. पण चालू खटल्यात न्यायाधीशांना पत्र धाडून कारवाई थांबवणे हा पक्षकाराचा मार्ग नव्हे. दाद मागायची ती वरच्या न्यायपीठाकडे, आणि तो मार्ग धरला तो ग्रँट यांनी.

हद्दीची ही मर्यादा पुढेही टिकली. अडकलेल्याला हजर करण्याचा आदेश देणारे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४९१ सुद्धा मुंबई हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीतच, म्हणजे शहरातच, लागू होते. त्या हायकोर्टाला या कलमाखाली पुण्यातल्या माणसाला हजर करण्याचा आदेश देता येऊ लागला तो १९२३ च्या दुरुस्तीने, प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानंतर ९४ वर्षांनी.