इझाकाया : एडो-टोकियोतील मद्यगृहाच्या बैठकीचा इतिहास

जपानी नगरांतील सामान्य मद्यगृहाला 'इझाकाया' अशी संज्ञा आहे. तिची फोड सोपी आहे. 'इ' म्हणजे असणे किंवा बसून राहणे. 'साके' (समासात 'झाका') म्हणजे मद्य. 'या' म्हणजे दुकान. बसून राहण्याचे मद्याचे दुकान, असा तिचा सरळ अर्थ होतो. मराठीतील 'गुत्ता' या शब्दाशी तिची तुलना उद्बोधक ठरेल. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता. मद्यविक्रीचा मक्ता सरकारातून घेतला जाई व त्या मक्त्याचेच नाव पुढे दुकानाला चिकटले. एका भाषेने दुकानाला महसुलावरून नाव दिले, दुसरीने गिऱ्हाइकाच्या बैठकीवरून. अर्थात एवढ्यावरून जपानी राज्यकर्ते महसुलाविषयी उदासीन होते असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. आणि ज्या बैठकीवरून दुकानाला नाव मिळाले, ती बैठक गेल्या साडेतीनशे वर्षांत अनेक वेळा राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत सलली, ही गोष्ट तर त्याहूनही महत्त्वाची आहे.

इझाकायातील सायंकाळ कशी असते, हे प्रथम थोडक्यात पाहिले पाहिजे. दाराशी तांबडा कागदी कंदील आणि कापडाचा किंवा दोऱ्यांचा आखूड पडदा असतो. पाहुणा बसताच न मागता एक लहानशी वाटी पुढे येते. तिला टोकियोकडे 'ओतोशी' व ओसाकाकडे 'त्सुकिदाशी' म्हणतात, आणि तिचे दाम हिशेबात धरलेले असतात. प्रथम बहुधा बिअर, मागाहून साके किंवा शोचू. त्यांच्याबरोबर उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, थंड टोफू, कच्च्या मासळीचे काप, काडीला खोचून निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे, असे पदार्थ एकेक करून मागवले जातात आणि सर्वांच्या मध्ये ठेवले जातात. आपला पेला आपण भरावयाचा नाही, शेजाऱ्याने भरावयाचा, असा संकेत आहे. येथे खाद्य हे आपल्याकडील चखण्याहून अधिक आणि जेवणाहून कमी असते. ही मधली अवस्था कशी निर्माण झाली, याचे उत्तर एडो नगराच्या रचनेत सापडते.

तोकुगावा शोगुनांची राजधानी एडो, म्हणजे आजचे टोकियो, हे प्रामुख्याने पुरुषांचे शहर होते. १६३५ मध्ये नियमबद्ध झालेल्या 'सांकिन कोताई' पद्धतीनुसार प्रांतोप्रांतीच्या सरदारांना आळीपाळीने राजधानीत राहावे लागे. त्यांच्यासोबत येणारे शिपाई व नोकर आपले कुटुंब गावीच ठेवून येत. १६५७ च्या मेइरेकी आगीत शहराचा फार मोठा भाग भस्मसात झाला आणि पुनर्बांधणीसाठी सुतार, गवंडी, हमाल यांचे लोंढे आले. १७२१ च्या गणनेत नगरवासी प्रजा सुमारे पाच लक्ष भरली व तिच्यात पुरुषांचे प्रमाण जवळजवळ दोनतृतीयांश होते. सामुराई वर्ग या गणनेत नव्हताच. एकाच खोलीच्या लांबलचक चाळीत राहणाऱ्या एकट्या मजुराला रोज चूल पेटविणे परवडत नसे. त्याच्यासाठी शिजविलेली भाजी, कडधान्ये व मासळी विकणारे 'निउरिया' उदयास आले. आगीच्या भयाने सरकारने १६६१ मध्ये रात्री असे शिजविलेले अन्न विकण्यास मनाई केली, आणि पुढेही असे हुकूम पुनःपुन्हा काढले. एकच हुकूम वारंवार काढावा लागतो तेव्हा तो पाळला जात नसतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाला सांगावयास नको.

दुसरीकडे मद्यविक्रेता 'साकाया' मापाने मद्य विकत असे. गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येई. काहीजण तेथल्या तेथेच प्याला रिकामा करीत. या दोन धंद्यांचा सांधा कसा जुळला, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कांदा भागातील कामाकुरा-गाशी या नदीकाठच्या धक्क्यावरील तोशिमाया हे दुकान. १५९६ मध्ये स्थापन झालेल्या या दुकानाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एक चमत्कारिक वाटणारा व्यवहार आरंभिला. मद्य जवळजवळ खरेदीच्या भावाने विकावयाचे, आणि सोबत टोफूचे मोठाले तुकडे काडीला खोचून, मिसो लावून, भाजून द्यावयाचे. मग नफा कशात? रिकाम्या पिंपांत. सुरूच्या जातीच्या 'सुगी' वृक्षाची ही पिंपे लोणची, मिसो व सोयाचा रस करणारे लोक विकत घेत. मद्य जितके लवकर संपेल तितकी पिंपे लवकर मोकळी होत, आणि धक्क्यावरचा हमाल तेथे बसून प्याला तर ते लवकर संपे. गिऱ्हाइकाला बसू देण्याच्या औदार्यामागे लाकडाचा हा हिशेब होता.

ही पिंपे येत कोठून? ओसाकाजवळील इतामी, इकेदा आणि पुढे नादा येथील भट्ट्यांतून. या पश्चिमेकडील मद्याला 'कुदारी-झाके', म्हणजे राजधानीकडून खाली उतरलेले मद्य, म्हणत. सम्राटाची राजधानी क्योतो असल्याने एडोकडे जाणे म्हणजे उतरणे. १७३० मध्ये मद्य वाहणाऱ्या गलबतांनी इतर मालाच्या गलबतांपासून फारकत घेतली, कारण मद्य थांबवून ठेवल्यास बिघडे. नव्या हंगामाचे मद्य प्रथम कोण पोचविणार, यासाठी त्यांची दरवर्षी शर्यत लागे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, भरभराटीच्या वर्षांत, सुमारे दहा लक्ष पिंपे एडोच्या बंदरात उतरत. दुष्काळाच्या काळात, विशेषतः १७८० नंतरच्या दशकात, तांदूळ वाचविण्यासाठी शोगुनांनी मद्यनिर्मितीवर कडक मर्यादा घातल्या. पण पीक सुधारले की मर्यादाही सैल होत.

१८११ मध्ये अधिकाऱ्यांनी शहरातील खाद्यविक्रेत्यांची मोजदाद केली. एकूण साडेसात हजारांहून अधिक दुकानांपैकी १,८०८ दुकाने 'निउरि-इझाकाया', म्हणजे शिजविलेले अन्न देणारी मद्यगृहे, म्हणून नोंदली गेली. त्या नावातच दोन धंद्यांचा संकर स्पष्ट दिसतो. सरकारचा हेतू संख्या घटविण्याचा होता; गणनेमुळे मात्र भावी इतिहासकाराची सोय झाली.

या दुकानांच्या अंतरंगाविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ऐतिहासिक चित्रपटांत एडोचा सामुराई उंच मेजापाशी पिंपावर बसून मद्य पिताना दाखवितात. प्रत्यक्षात मेज नव्हते. गिऱ्हाईक लांब बाकावर किंवा किंचित उंच ओटीवर बसे, आणि तबक त्याच्या शेजारी बाकावरच ठेवले जाई. दाराशी मासे, ऑक्टोपस, पक्षी टांगलेले असत, तीच जाहिरात. मद्य तांब्याच्या 'चिरोरि' नामक भांड्यात घालून, ते गरम पाण्यात बुडवून, उन्हाळ्यातही कोमट करून दिले जाई. खावयास रताळ्याच्या नव्हे तर अळकुड्यांच्या उकडलेल्या गोळ्या, टोफू आणि माशाचे कढण असे. विषारी फुगु माशाचेही कढण लोक पीत. सामुराईंना तो मासा निषिद्ध होता, हमालाला तशी प्रतिष्ठा सांभाळावयाची नव्हती.

मेइजी राजवटीत (१८६८–१९१२) बाह्य रूप पालटले. १८९९ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात बिअरचे पहिले मोठे दालन उघडले. त्याच वर्षी घरगुती मद्य गाळण्यास संपूर्ण बंदी झाली आणि मद्यावरील कराने उत्पन्नात जमीनमहसुलालाही मागे टाकले. चीनशी झालेल्या युद्धानंतर सैन्यविस्ताराला पैसा हवा होता, हे या दोन घटनांमागचे सूत्र आहे. शेतकऱ्याच्या घरचे 'दोबुरोकु' चोरीचा माल ठरले. दुकानात बसून पिणारा मात्र राज्याचा उपयुक्त नागरिक ठरला.

ही उपयुक्तता युद्धाने संपविली. १९४४ मध्ये उंची भोजनगृहे बंद करण्यात आली व त्याच वर्षी 'कोकुमिन साकाबा', म्हणजे राष्ट्रीय मद्यगृहे, सुरू झाली. तेथे रांगेत उभे राहून एक बाटली बिअर किंवा एक 'गो', म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर, साके मिळे, आणि प्याला संपवून जागा सोडावी लागे. इझाकायातील 'इ' काढून टाकल्यावर जे उरते, ते हे. पराभवानंतर रेल्वेस्थानकांलगतच्या काळ्या बाजारांत फळ्यांच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. जनावरांची आतडी भाजून, कसेतरी गाळलेल्या मद्यासोबत विकली जाऊ लागली. यंत्राच्या मद्यार्कात मिसळ करून बनविलेल्या 'बाकुदान' (बाँब) नामक पेयाने कित्येकांची दृष्टी व प्राण घेतले. १९४७ च्या जुलैमध्ये अन्नटंचाईमुळे बहुतेक भोजनगृहे व मद्यगृहे बंद करण्याचा हुकूम निघाला. १९४९ पर्यंत व्यवहार मागील दाराने चालले. शिंजुकु स्थानकाच्या पश्चिमेचा 'ओमोइदे योकोचो' हा बोळ याच काळाचे अपत्य आहे. आज प्रवासी त्याला जुन्या जपानचा अवशेष मानतात. तो वस्तुतः उपासमारीचा अवशेष आहे.

पुढील अवस्था अधिक परिचित असल्याने थोडक्यात सांगता येईल. १९५६ मध्ये 'योरो नो ताकी'ची आणि १९७३ मध्ये साप्पोरोत 'त्सुबोहाची'ची स्थापना झाली. दुसऱ्या नावाचा अर्थ आठ त्सुबो, म्हणजे सुमारे २६ चौरस मीटर, एवढीच पहिल्या दुकानाची जागा. या साखळी-दुकानांनी भाव, चित्रमय पदार्थपत्रिका आणि उजेड या तिन्हींत एकसारखेपणा आणला. परिणामी, आजवर जवळजवळ पूर्णतः पुरुषांच्या या जागेत विद्यार्थी व नोकरदार स्त्रिया १९७० नंतर मोठ्या संख्येने येऊ लागल्या. एडोच्या इतिहासात याला जोड नाही, आणि म्हणून इझाकायाला 'प्राचीन परंपरा' म्हणणाऱ्यांनी हा बदल गंभीरपणे विचारात घ्यावयास हवा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, साथीच्या काळात, टोकियोच्या प्रशासनाने मद्य देणाऱ्या दुकानांना बंद राहण्याची विनंती केली. दुकानातून बाटली घरी नेण्यास अडचण नव्हती. चार माणसांनी एकत्र बसून बोलण्याला होती. १६६१ च्या हुकुमात आगीचे भय होते, या वेळी श्वासाचे.

टोकियोजवळील कोगानेइ येथील खुल्या वास्तुसंग्रहालयात 'कागिया' नावाचे १८५६ चे लाकडी मद्यगृह नेऊन उभे केले आहे. आत पेले, बाटल्या, पदार्थांच्या पाट्या १९७० च्या सुमारास होत्या तशा मांडल्या आहेत. तेथे मद्य मिळत नाही. धंदा मात्र इमारतीबरोबर संग्रहालयात गेला नाही. तो मूळ जागेजवळच, नेगिशीतील एका जुन्या घरात हलला.