मागचा दिवा लालच का?

अमरावती–अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाला आणि गिनीज बुकात गेला. अशा सरळ, गुळगुळीत रस्त्यावर रात्री निळ्या-जांभळ्या दिव्यांनी मढवलेली मोटार दिसली, की ती येते आहे की जाते आहे, हे क्षणभर उमगत नाही. दिव्यांचा कायदा त्या क्षणासाठीच आहे.

१९३९ मध्ये मोटार वाहन कायदा झाला, तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे होते, कारभार मात्र नागपूरहून चाले. १९४० चे नियमही ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ अशा जोडनावाने निघाले. पुढे राज्ये बदलली; १९५६ मध्ये मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. या साऱ्या काळात वाहनात फेरबदल करायचा, तर निदान परवानगी मागता येत असे.

खरे वळण २००० सालचे. १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ दुरुस्त झाले आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास, मोजके अपवाद वगळता, मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले.

रंगांसाठी १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १०८ आहे: समोर लाल दिवा नको, मागे लालखेरीज दुसरा नको. मंत्र्यांच्या मोटारींवरील लाल दिवा याच नियमातील सवलतीवर तगला होता (हौस तीही, फक्त सरकारी!). १ मे २०१७ पासून तो उतरला. सप्टेंबर २०१९ पासून बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.