धन्य राणी मारिया : शिक्षेनंतरची क्षमा

सिस्टर राणी मारिया वट्टालिल (२९ जानेवारी १९५४ – २५ फेब्रुवारी १९९५) या इंदूर धर्मप्रांतात आदिवासी व भूमिहीनांसाठी कार्य करणाऱ्या कॅथलिक धर्मभगिनी होत. केरळमधील पुल्लुवळी या गावी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. असिसीचे संत फ्रान्सिस व संत क्लारा यांचा आदर्श मानणाऱ्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्यांनी प्रवेश केला. दारिद्र्याचे व्रत आणि दुर्बलांची सोबत ही या परंपरेची मूल्ये.

१९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आल्या. सावकारी कर्जात अडकलेल्या शेतमजुरांना त्यांनी बचतीची सवय लावली, बँकेचा व सरकारी योजनांचा मार्ग दाखवला आणि हक्कांची जाणीव करून दिली. त्यामुळे गावातील सावकार व जमीनदारांचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदर सिंग याने सहप्रवाशांदेखत त्यांच्यावर चाकूचे पन्नासहून अधिक वार केले. त्यांचे वय ४१ वर्षांचे होते.

समंदर सिंगला जन्मठेप झाली. राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही त्याच संघातील. २००२ मध्ये त्यांनी इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेच्या प्रयत्नांनाही त्यांनी पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो मुक्त झाला. २००७ च्या जानेवारीत तो पुल्लुवळीला गेला, तेव्हा वृद्ध मातेने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या मुलीचे रक्त लागले होते, ही तिची भावना होती.

या घटनाक्रमात क्षमेने न्यायाची जागा घेतली नाही. गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा भोगली गेली. क्षमेने केवळ वैराचा शेवट केला. शत्रूवर प्रेम करण्याची ख्रिस्ताची शिकवण येथे राखीच्या धाग्यातून प्रकटली, म्हणूनच ती ख्रिस्ती समाजाबाहेरही सहज उमगली.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. धन्यपद ही संतपदापूर्वीची पायरी होय. गोव्याचे फादर जुझे वाझ १९९५ मध्ये धन्य, तर २०१५ मध्ये संत घोषित झाले. राणी मारिया यांची समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये असून २५ फेब्रुवारी हा त्यांचा स्मरणदिन होय.